मुलांच्या मनाशी काम सुरू करताना

आपण शाळेत समुपदेशक म्हणून नव्यानेच रुजू झाला आहात, म्हणून आधी एक सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले असले, तरी ज्या मुलाने त्या काळात घरातले माणूस गमावले, त्याच्यासाठी ती तारीख फारशी महत्त्वाची नसते.

लहान मुले ‘मला भीती वाटते’ असे क्वचितच म्हणतात. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येते, आई दुसऱ्या खोलीत गेली तरी जीव कासावीस होतो. किशोरवयीन मुलांमध्ये तीच अस्वस्थता चिडचिड, रात्रीची जागरणे आणि मित्रांना टाळणे या रूपांत दिसते, आणि मोठी माणसे तिला सर्रास उद्धटपणा ठरवून मोकळी होतात.

मृत्यूविषयी बोलताना ‘आजोबा झोपले’ असे सांगू नका, कारण त्यानंतर मूल स्वतःच झोपायला घाबरू शकते. ‘आजोबा वारले, ते परत येणार नाहीत’ हे शांतपणे सांगावे आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर तेच उत्तर पुन्हा द्यावे. झोपेची, जेवणाची व खेळाची वेळ नियमित करण्यास पालकांना सांगा. अभ्यासाची भरपाई, माझ्या मते, थोडी थांबू शकते. पालक स्वतः खचलेले असतील तर त्यांच्याशीही बोला.

लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. मूल जीव देण्याविषयी बोलले, तर मात्र त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी.