‘बाबा म्हणाले की मी जातोय’: डायरेक्ट-इनडायरेक्टवर तुमचे प्रश्न

परीक्षा जवळ आली की डायरेक्ट-इनडायरेक्टचे, म्हणजे इंग्रजीत कोणाचं बोलणं अवतरणात जसंच्या तसं देणं (प्रत्यक्ष कथन) आणि ते आपल्या वाक्यात सांगणं (अप्रत्यक्ष कथन) यांचे, प्रश्न वाढतात. या वेळी विद्यार्थ्यांबरोबर पालकांनी आणि नोकरी करणाऱ्या तरुणांनीही विचारलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा. वाक्याचा क्रम चुकला तर डोळ्याआधी कानाला खटकतो.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीला आहे. काळ बदलायचा तक्ता तोंडपाठ आहे, पण ‘आय’, ‘यू’, ‘माय’ यांत गोंधळ होतो आणि तिथेच मार्क जातात. काय करू?

तक्ता पाठ आहे हे चांगलंच, पण त्यातून फक्त काळ कळतो. कोण कोणाशी बोलतंय ते वाक्यातूनच शोधावं लागतं. तुझा गोंधळ का होतो, त्याचं कारण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बाबा उद्या बेळगावला जाणार आहेत हे आईला सांगताना तू म्हणतेस, “बाबा म्हणाले की मी उद्या बेळगावला जातोय.” ‘की’ आला तरी बाबांचा ‘मी’ आपण हलवत नाही, काळालाही हात लावत नाही. आणि आईला बरोबर कळतं, जाणार आहेत ते बाबा. कन्नडमध्येही ‘अंत’ लावून मूळ बोलणं जसंच्या तसं सांगता येतं. म्हणजे तुझ्या कानावर रोज पडणाऱ्या दोन्ही भाषांत हे चालतं. इंग्रजीत चालत नाही. ‘फादर सेड दॅट आय वॉज गोइंग टू बेळगाव’ असं लिहिलंस तर बेळगावला जाणारी तू ठरतेस! ‘दॅट’च्या पुढचा ‘आय’ हा नेहमी सांगणाऱ्याचा, मुळात बोलणाऱ्याचा नव्हे.

म्हणून वाक्य बदलण्याआधी पेन्सिल घे आणि प्रत्येक सर्वनामाच्या डोक्यावर माणूस लिही. हे वाक्य बघ: ‘द कंडक्टर सेड टू मी, “यू हॅव गिव्हन मी अ टॉर्न नोट.”’ अवतरणाबाहेरच्या इंग्रजी ‘मी’वर लिही ‘मुलगी’, कारण सांगणारी तू आहेस. आतल्या ‘यू’वर पुन्हा ‘मुलगी’, कारण फाटकी नोट तू दिलीस. आतल्या ‘मी’वर ‘कंडक्टर’. आता उत्तर आपोआप येतं: ‘द कंडक्टर टोल्ड मी दॅट आय हॅड गिव्हन हिम अ टॉर्न नोट.’ आता बाहेर फक्त ‘सेड टू हर’ कर. अवतरणातला एक शब्दही बदलला नाही, तरी उत्तर बदलतं: ‘टोल्ड हर दॅट शी हॅड गिव्हन हिम अ टॉर्न नोट.’ फर्स्ट पर्सन कर्त्याप्रमाणे, सेकंड पर्सन कर्माप्रमाणे, थर्ड पर्सन तसाच, हा वर्गात सांगतात तो नियम याच पेन्सिलीच्या खुणांचा आहे. आठवडाभर खुणा करून सोडव. मग त्या मनातच उमटायला लागतील.

बेळगावात मी इंग्रजीचे क्लास घेते. रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे अवतरणाबाहेरचं ‘सांगितलं’ या अर्थाचं क्रियापद, भूतकाळी असेल तर आतला काळ बदलायचाच, असं मी शिकवते. एका मुलाने विचारलं, “टीचर, नेहमीच का?” त्याला काय सांगू?

त्याला शाबासकी द्या. नेहमी बदलत नाही.

आधी साधी गोष्ट. ‘सेज’, ‘विल से’, ‘हॅज सेड’ असं काही असेल तर आतल्या काळाला हात लावायचा नाही. ‘सेड’, ‘टोल्ड’ आलं की बदलाचा विचार सुरू होतो. पण सांगितलेली गोष्ट कायमची खरी असेल तर? ‘द टीचर सेड, “द मलप्रभा राइजेस निअर कणकुंबी.”’ शिक्षकांनी काल सांगितलं म्हणून नदीचा उगम कालचा होत नाही. ‘द टीचर सेड दॅट द मलप्रभा राइजेस निअर कणकुंबी’ हेच लिहावं. कोणी काळ मागे नेला तर भाषेच्या दृष्टीने तीही चूक नाही, पण परीक्षेत अशा वाक्याला वर्तमानकाळच अपेक्षित असतो.

दुसरी जागा ठरावीक सालाची. तुमची मुलं टिळकवाडीतलं वीरसौध, म्हणजे बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक, बघून आली असतील. ‘द गाइड सेड, “गांधीजी प्रिसायडेड ओव्हर द बेळगाव काँग्रेस इन १९२४.”’ इथे तक्त्याप्रमाणे ‘हॅड प्रिसायडेड’ करायची गरज नाही. साल समोर असल्यामुळे कोणतं आधी आणि कोणतं नंतर याबद्दल शंकाच उरत नाही. ‘हॅड’चं काम ती शंका दूर करणं एवढंच असतं.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि वर्गात ती बहुधा राहून जाते. सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल तर इंग्रजीत दोन्ही चालतं: ‘शी सेड दॅट शी इज इल’ आणि ‘शी सेड दॅट शी वॉज इल’. पहिल्यात ती आजारी आहे हे सांगणाराही मानतोय असं ध्वनित होतं. दुसऱ्यात तो फक्त तिचं म्हणणं पुढे पोचवतोय, खऱ्याखोट्याची जबाबदारी घेत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रं अधिकाऱ्यांची विधानं छापताना दुसरी रीत वापरतात ती यासाठीच. मुलांना हे दाखवा. परीक्षेच्या कोऱ्या वाक्यात मात्र सबळ कारण नसेल तर काळ बदललेलाच बरा, हेही सांगून ठेवा.

निपाणीहून लिहितोय. मुलगा नववीत आहे. तो ‘ही आस्क्ड मी दॅट वॉट इज माय नेम’ असं लिहितो. कितीदा सांगितलं तरी ‘दॅट’ सुटत नाही.

सुटणार कसा? मराठीत आपण ‘त्याने विचारलं की तुझं नाव काय’ असंच म्हणतो. विधान असो वा प्रश्न, आपला ‘की’ दोन्हींना चालतो. इंग्रजीत प्रश्नापुढे ‘दॅट’ येत नाही. ‘वॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘हाऊ’ हेच शब्द दोन वाक्यांचा सांधा होतात. हे कारण मुलाला समजावून सांगा, नुसतं लाल पेनने खोडू नका.

त्याच्या वाक्यात दुसरीही चूक आहे, आणि ती ‘दॅट’पेक्षा चिवट आहे: शब्दांचा क्रम. अप्रत्यक्ष कथनात प्रश्न हा प्रश्न राहत नाही, म्हणून क्रियापद कर्त्याच्या मागे जातं: ‘ही आस्क्ड मी वॉट माय नेम वॉज.’ शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्यायचा आणि ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांना निरोप द्यायचा. मात्र जाताना ते आपला काळ मुख्य क्रियापदावर सोपवून जातात. ‘डू यू स्पीक कन्नडा?’ याचं ‘ही आस्क्ड मी इफ आय स्पोक कन्नडा.’ ‘डिड यू कम बाय बस?’ याचं ‘ही आस्क्ड मी इफ आय हॅड कम बाय बस.’ त्याच्याकडून रोज पाच प्रश्न तोंडी बदलून घ्या. वहीपेक्षा तोंडाने लवकर बसतं.

मी उचगावचा. पुण्यात कंपनीत आहे. ‘द कस्टमर टोल्ड दॅट ही विल कम टुमारो’ असा मेल पाठवला, तर साहेबांनी तीन ठिकाणी खुणा करून परत केला. इतकं काय चुकलं?

एक चूक नक्की आहे. ‘टोल्ड’ला कोणाला सांगितलं तो माणूस लागतोच: ‘टोल्ड मी दॅट’. माणूस सांगायचा नसेल तर ‘सेड दॅट’. उलट ‘सेड मी’ कधीच नाही.

उरलेल्या दोन खुणा मेल कधी लिहिला यावर अवलंबून आहेत. ग्राहक बुधवारी बोलला, तुम्ही बुधवारीच लिहिलं आणि साहेबांनीही त्याच दिवशी वाचलं, तर त्याचा उद्या आणि तुमचा उद्या एकच. तेव्हा ‘विल कम टुमारो’ बरोबर आहे. मेल शुक्रवारी लिहिला असेल तर त्याचा उद्या तुमच्यासाठी कालचा दिवस झाला. मग ‘द कस्टमर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. शाळेत ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’, ‘हिअर’चं ‘देअर’ असं पाठ करून घेतात, कारण पुस्तकातलं वाक्य दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी सांगितलं जातंय असं धरलेलं असतं. तुम्ही त्याच ऑफिसात बसून लिहिताय तर ‘हिअर’ तसाच राहील. कामाच्या मेलमध्ये माझा आग्रह वाराचा: ‘द कस्टमर टोल्ड मी दॅट ही वुड कम ऑन थर्सडे.’ मेल कोणी कधीही उघडला तरी घोळ होत नाही.

संकेश्वरला पीयूसी (अकरावी-बारावी) करतेय. आज्ञार्थी वाक्यात ‘ऑर्डर्ड’, ‘रिक्वेस्टेड’, ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ यांतलं काय घ्यायचं? आणि ‘लेट्स’चं काय करायचं?

अवतरण गेलं की बोलण्यातला सूर जातो. तो सूर आता क्रियापदाने सांभाळायचा असतो. म्हणून आधी नातं बघ. फौजदार शिपायाला सांगतो तेव्हा ‘ऑर्डर्ड’, डॉक्टर पेशंटला सांगतात तेव्हा ‘अ‍ॅडव्हाइज्ड’, आणि ‘प्लीज’ असेल तर ‘रिक्वेस्टेड’, मग ‘प्लीज’ गाळायचं. पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘डोंट’ असेल तर ‘नॉट टू’. ‘कुड यू ओपन द विंडो?’ दिसतो प्रश्न, पण ती विनंती आहे: ‘रिक्वेस्टेड मी टू ओपन द विंडो’.

‘लेट्स गो टू गोकाक फॉल्स’ हा प्रस्ताव: ‘शी सजेस्टेड गोइंग टू गोकाक फॉल्स’ किंवा ‘शी सजेस्टेड दॅट वी शुड गो’. ‘सजेस्टेड टू गो’ लिहू नकोस. ते सगळीकडे ऐकू येतं, पण चूक आहे.

हल्याळहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. ‘मस्ट’ बदलायचा की नाही?

सक्ती असेल तर ‘हॅड टू’ करता येतं, ‘मस्ट’ ठेवलं तरी चालतं. अंदाज असेल तर बदलू नका. ‘ही सेड, “शी मस्ट बी टायर्ड”’ याचं ‘ही सेड दॅट शी मस्ट बी टायर्ड’. इथे ‘हॅड टू’ घातलं तर तिला थकण्याची सक्ती होती असा अर्थ होईल. ‘कुड’, ‘वुड’, ‘शुड’, ‘माइट’ आहेत तसेच राहतात.

येळ्ळूरला राहतो, नातवाचा अभ्यास मी घेतो. उलटं, म्हणजे इनडायरेक्टचं डायरेक्ट करायला आलं की दोघंही अडतो. ‘द फार्मर आस्क्ड हिज सन व्हेदर ही हॅड वॉटर्ड द फील्ड द डे बिफोर.’ याचं काय होईल?

‘द फार्मर सेड टू हिज सन, “डिड यू वॉटर द फील्ड यस्टरडे?”’

तुम्ही ‘हॅड’पाशी अडत असाल. अप्रत्यक्षातला ‘हॅड वॉटर्ड’ मुळात ‘वॉटर्ड’, ‘हॅव वॉटर्ड’ किंवा ‘हॅड वॉटर्ड’ यांतला कोणताही असू शकतो. निर्णय वेळेचा शब्द देतो. ‘द डे बिफोर’ म्हणजे मुळातला ‘यस्टरडे’, आणि ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव’ जमत नाही, म्हणून साधा भूतकाळ, आणि प्रश्न असल्यामुळे ‘डिड’. चिन्हांचे मार्कही सोडू नका: ‘सन’नंतर स्वल्पविराम, अवतरणातलं पहिलं अक्षर कॅपिटल, प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत.

उलट्या प्रकारात एक खरी अडचणही आहे. ‘द बॉय टोल्ड हिज ब्रदर दॅट ही हॅड पास्ड.’ पास कोण झालं? मुलगा स्वतःचं सांगत असेल तर ‘आय हॅव पास्ड’, भावाचा निकाल सांगत असेल तर ‘यू हॅव पास्ड’. वाक्यात दुसरा काही धागा नाही, त्यामुळे दोन्ही उत्तरं बरोबर. गाइडात त्यातलं एकच छापलेलं असेल. नातवाने दुसरं लिहिलं असेल तर ते खोडू नका. कोणाला धरून लिहिलंस, एवढं त्याला विचारा आणि मार्क द्या.