आधी पिटमध्ये, मग बर्फावर

चि. पोरी,

स्वीडनला शिकायला निघालीस, आणि पोचताच आइस रेसिंगचा, म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकल शर्यतींचा, क्लब शोधणार म्हणतेस. जरूर शोध. फक्त पंचविशी आली म्हणजे उशीर झाला, हे डोक्यातून काढ. तिथलाच पोसा सेरेनियस १९४८ चा. बर्फावरचं पहिलं विश्वविजेतेपद त्याला १९९५ मध्ये मिळालं आणि दुसरं २००२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर! रशियात उफाच्या कादिरोवने १९६६ ते १९७३ दरम्यान बर्फावरची सहा विश्वविजेतेपदं जिंकली. तो स्पीडवेही, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीतही, गाडी चालवायचा, म्हणून तुला वाटतंय की माती जमली की बर्फ जमेल. इथेच मला भीती वाटते.

मातीवर तुझा हात बसलाय. स्पीडवेच्या ५०० सीसी गाडीला ब्रेक नसतो, तरी वळणावर मागचं चाक घसरवलं की वेग आपोआप मोडतो. डाव्या पायात पोलादी तळाचा बूट, हँडल उलट्या बाजूला, की झालं. बर्फावरही ब्रेक नाहीच, पण टायरला इंचभर लांबीचे टोकदार खिळे असतात. ते बर्फात रुततात, चाक घसरतच नाही. तिथे गाडी आडवी झोपवायची, इतकी की डावं हँडल बर्फाला टेकेल असं वाटतं. डावा गुडघा घासत जातो, म्हणून त्यावर जुन्या टायरचा तुकडा बांधतात. मातीच्या सवयीने चाक फेकायला गेलीस आणि खिळ्यांनी एकदम पकड घेतली, तर गाडी तुला उडवून देईल. पडल्यावर मागून येणाऱ्यांची चाकंही खिळ्यांचीच. त्या गाड्यांची मडगार्डं एवढी मोठी का, ते यावरून कळेल. हाताची जुनी सवय मोडायला एक हिवाळा पुरत नाही. दोन-तीन धरून चाल.

पैशाचं एवढंच सांगतो: शर्यतींच्या भरवशावर पदवी सोडायची नाही.

पहिल्या हिवाळ्यात गाडी विकत घेऊ नकोस. क्लबात जाऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, काम माग. खिळे बसव, वाकलेले बदल, गाडीचं इंधन म्हणजे मिथेनॉल भर. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा तिथल्या माणसाने दाखवल्याशिवाय कॅनला हात लावू नकोस. विद्यार्थ्यांच्या विम्यात मोटरस्पोर्टची दुखापत धरतात का, हे निघण्याआधी लेखी विचार. धरत नसतील तर वेगळा विमा काढ आणि त्याची प्रत मला पाठव. ती हातात आली की तुझ्या आईशी मी बोलतो.

तुझा,
काका