हेग्रावर लिहिण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

मसुदा वाचला. पहिल्याच ओळीत ‘हरवलेलं गूढ शहर’ आलंय, ते आधी खोड. सौदी अरेबियात अल-उलाजवळचं हेग्रा, म्हणजे मदाइन सालेह, हे प्राचीन नबाती लोकांचं शहर हरवलेलं कधीच नव्हतं. हजचे काफिले शतकानुशतकं त्याच्या अंगावरून गेले, पुढे हिजाझ रेल्वेचं स्टेशनही तिथंच झालं.

फोटोत सगळे कस्र अल-फरीद या खडकात कोरलेल्या थडग्याचा दर्शनी भाग दाखवतात. तू त्याच्या तळाकडे बघ. तिथं छिन्नीचे घाव तसेच राहिलेत. वेरूळच्या कैलासासारखं काम वरून खाली उतरत होतं आणि मध्येच थांबलं.

पण तुझा खरा ऐवज दारांवरच्या नबाती शिलालेखांत आहे. तिथल्या 111 मोठ्या थडग्यांपैकी 94 नक्षीदार आहेत, त्यांतल्या बऱ्याच थडग्यांवर मजकूर कोरलाय. शोककाव्य शोधशील तर निराश होशील. हे सरळ दस्त आहेत: थडगं कुणाचं, आत कुणाला पुरायचं, विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, मोडलंत तर दुशरा देवाला आणि राजाला दंड. बरेच दस्त नबाती राजा चौथ्या आरेतसच्या (इ.स.पू. 9 ते इ.स. 40) राज्यवर्षांत मांडलेत. काहींच्या मालक बायका आहेत, काहींवर पाथरवटाचंही नाव आहे. या मंडळींना वाळवंटातले भटके म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

धूपाचा व्यापारही याच नजरेनं वाच. दक्षिण अरबस्तानातल्या थोम्नापासून गाझापर्यंत उंटांचे 65 मुक्काम आणि उंटामागे 688 देनारी (रोमन चांदीची नाणी) खर्च, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. चारा, पाणी, पहारेकरी, पुजारी, कारकून, सगळ्यांचे हात ओले करावे लागत. लाल समुद्रावरच्या ल्यूके कोमे बंदरात मालाचा चौथा हिस्सा जकातीत जाई, तिथून वाट नबाती राजधानी पेट्राला. हे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत आहे. त्यातच आपलं कल्याणही येतं, म्हणून मुळातून वाच.

शेवटही बदल. इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजननं नबाती राज्य खालसा केलं हे बरोबर, पण त्याच वर्षी शहर ओस पडलं हे चूक. नंतरच्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला लॅटिन शिलालेख तिथं सापडलाय, रोमन सैनिक होतेच.

विहिरींबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. त्यांच्याशिवाय तिथं ना उंट थांबला असता, ना माणूस. तो भाग लिहून मगच दुसरा मसुदा पाठव.