अमेरिकेत व्हॉलंटियर फायरफायटर कॉलवरून घरी आल्यावर हार्ट अटॅकने गेला, तर घरच्यांना काहीच मिळत नाही का?

तुम्ही लिहिलंय की ताईंचे मिस्टर न्यू जर्सीत व्हॉलंटियर फायरफायटर होते, आगीच्या कॉलवरून घरी आले, जेवून झोपले आणि पहाटे अटॅक आला, आणि आता स्टेशनवरचं कोणीतरी म्हणतंय की घरी गेले म्हणजे ड्यूटी संपली, त्यात पगारी पण नव्हते, त्यामुळे काही मिळणार नाही. फार वाईट झालं. पण हे ऐकून गप्प बसू नका प्लीज. मी पण इकडे व्हॉलंटियर फायर कंपनीत आहे आणि ही चुकीची समजूत खूप लोकांची असते.

केंद्र सरकारचा पब्लिक सेफ्टी ऑफिसर्स बेनिफिट्स, म्हणजे पीएसओबीचा कायदा 1976 पासून आहे. पोलीस, फायरवाले, रेस्क्यूवाले सगळे त्यात येतात आणि फायर डिपार्टमेंट अधिकृत असेल तर व्हॉलंटियरचा हक्क पगारी माणसाइतकाच. सुरुवातीला 50,000 डॉलर होते, 2001 मध्ये अडीच लाख केले आणि नंतर महागाईप्रमाणे वाढत गेले, 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025 मधल्या मृत्यूसाठी 4,48,575 डॉलर आहेत. एकरकमी, फेडरल इन्कम टॅक्स नाही. निम्मे बायकोला, निम्मे मुलांना.

आता हार्ट अटॅकचं. ड्यूटीवरच्या फायरफायटर्सचे सगळ्यात जास्त मृत्यू यानेच होतात, म्हणून 2003 मध्ये होमटाउन हीरोज नावाची दुरुस्ती आली. अंगमेहनतीचं किंवा ताणाचं, रुटीन नसलेलं काम केल्यापासून 24 तासांच्या आत अटॅक किंवा स्ट्रोक आला तर तो ड्यूटीवरचाच मृत्यू धरायचा, मग माणूस घरात झोपलेला का असेना. आणि कोणी म्हणालं की त्यांना आधीपासून बीपी होतं, कोलेस्टेरॉल होतं, तर नुसत्या तेवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

म्हणजे सगळं अडतं ते वेळेवर आणि कामावर. पेजर किती वाजता वाजला, ते कुठल्या गाडीत होते, एअर पॅक (धुरात श्वास घ्यायची पाठीवरची हवेची टाकी) लावून आत गेले का, होज (पाण्याचा पाइप) ओढला का, की नुसते ट्रॅफिक थांबवत उभे होते, हे त्या कॉलच्या रिपोर्टमध्ये आणि बरोबरच्या लोकांच्या लेखी जबाबात यायला हवं. लोक विसरतात हो, त्यामुळे चीफना आजच सांगा. क्लेमचे दोन भाग असतात, एक कुटुंबाचा आणि एक डिपार्टमेंटचा, दुसरा आला नाही की फाइल पडून राहते. डेथ सर्टिफिकेट, शवविच्छेदन आणि टॉक्सिकॉलॉजीचा (शरीरात दारू, ड्रग्ज होते का त्याच्या तपासणीचा) रिपोर्ट, मुलांचे जन्मदाखले लागतील. लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासकट, कारण तिकडून कागद यायला वेळ जातो. मुदत साधारण तीन वर्षांची आहे, पण निकालालाच वर्षाच्या वर सहज जातं, तेव्हा थांबू नका.

आपल्याकडे अनुकंपा नोकरी असते तसं यात काही नाही, पण मुलांच्या आणि ताईंच्या स्वतःच्या कॉलेजशिक्षणासाठी वेगळी मदत आहे, तिचा अर्जही वेगळा. राज्याचं आणि वर्कर्स कॉम्पचं (कामामुळे इजा किंवा मृत्यू झाला तर मिळणाऱ्या विमा भरपाईचं) जे असेल ते पण स्वतंत्रपणे मागायचं. नॅशनल फॉलन फायरफायटर्स फाउंडेशन कागदपत्रांत फुकट मदत करतं, वकील करण्याआधी त्यांना फोन करा.