उधारी ठेवा, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकची तीस वर्षं मागे टाकून यजमानांच्या गावी, मोर्शीजवळ, येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेल्या निवृत्तांचं तालुक्याच्या गावी एक मंडळ आहे. त्यात नाव घातलं, पाच सहली केल्या. सगळे गोड बोलतात, सोबत फोटो काढतात, पण घरी आल्यावर जिला सहज फोन करावा अशी एकही बाई सापडली नाही. यजमान तर यायलाच तयार नाहीत. मग मंडळ सोडू का, असं विचारलंय.

सोडू नका. पण तुम्ही सहलींकडून जे मागताय ते सहलीजवळ नसतंच, हे आधी सांगून टाकते.

मी पोस्टातून निवृत्त होऊन ठाण्याहून वरूड तालुक्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात शेजारच्या वहिनींनी वाटीभर पातोडीचा रस्सा आणून दिला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घासून, त्यात दुकानातले पेढे भरून परत केली. आठवड्याने त्यांनी अंबाडीची भाजी पाठवली. मी त्याच संध्याकाळी बिस्किटांचा पुडा पाठवला. ठाण्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही असंच वागायचो. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, आणि याला आम्ही चांगले संस्कार म्हणायचो. दोनेक महिन्यांत वाटी यायची बंद झाली. मला वाटलं, माझं काही चुकलं असेल. चुकलं होतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी हसत हसत म्हणाल्या, "बाई, तुमी तं उधारी ठेवतच नाई. मंग आमी यावं कसं?"

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी कुणालाही कसलाही त्रास देत नाही." ताई, अडचण तिथंच आहे. इथं वाटी रिकामी परत करत नाहीत हे खरं, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळीही परत करत नाहीत. चार-आठ दिवस ती तुमच्या फडताळात पडून राहू द्यायची. तिची आठवण दोन्ही घरांना असते. मग कधीतरी घरात काही वेगळं झालं की त्यात घालून न्यायचं आणि तिथं अर्धा तास बसायचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण आधी मागायचं. विरजण मागा, शिडी मागा. बोअरची मोटर सुरू होत नसेल तर थेट तालुक्याच्या मेकॅनिकला फोन लावण्याआधी शेजारच्या काकाजींना हाक मारा. त्यांना जमणार नाही कदाचित, पण ते येऊन मोटरीकडे बघतील, तुमच्या यजमानांशी बोलतील, चहा घेतील. मेकॅनिक नंतर येईलच.

आता सहलींचं. माझा अनुभव असा की जिथं बघण्यासारखं भरपूर असतं तिथं माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने ऐन जुलैत चिखलदऱ्याला गेलो. हजार मीटरच्या वरची उंची, आणि धुकं असं की देवी पॉइंटला उभं राहिलं तर शेजारची छत्री दिसेना. भीमकुंडाचा नुसता आवाज ऐकला. शेवटी एका टपरीत तीन तास अडकून बसलो. भजी संपली, चहा तीनदा झाला, गाण्याच्या भेंड्याही संपल्या. मग एक तलाठी राहिलेले गृहस्थ आपल्या मुलाबद्दल बोलायला लागले. तो मुलगा घरी येत नाही, हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. परतताना अर्धे लोक म्हणत होते की पैसे वाया गेले. माझ्या दोन मैत्रिणी मात्र त्याच टपरीतल्या.

दुसरी गोष्ट, हाताला काम असलं पाहिजे. तुमच्या मंडळाला सांगा की डब्याचं जेवण मागवणं बंद करा, थंडीत रोडगे करा. आम्ही दर डिसेंबरात सालबर्डीकडे जातो. महादेवाचं दर्शन उरकायला अर्धा तास, रोडग्यांना चार. जाडसर दळलेली कणीक मळायची, तेलाचा हात लावून पदरावर पदर घालून गोळे वळायचे, गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल निखारा होईतो थांबायचं, मग गोळे त्यात पुरायचे. एकीकडे वांग्याची भाजी, एकीकडे वरण. या कामात घाई चालत नाही आणि सगळं एकट्यालाही जमत नाही. कुणी लसूण सोलतं, कुणी धूर डोळ्यांत गेला म्हणून शिव्या घालतं. निवृत्त मुख्याध्यापक राख झटकायला फडकं धरून बसतात आणि ज्यांच्याकडून आयुष्यभर "सर" म्हणवून घेतलं त्यांनाच विचारतात, "झाला का रे शेकून?" समोरासमोर खुर्च्या मांडून "आपला परिचय द्या" म्हटलं की माणूस हुद्दा सांगतो. निखाऱ्याशी बसला की दुसरंच काही सांगतो.

हुद्द्यावरून एक सांगते. आमच्या मंडळात एक मोठे अधिकारी राहिलेले होते. सहलीत त्यांची पुढची सीट ठरलेली. कुणी दिली नव्हती, पण कुणी घेतही नव्हतं. ते दोन वर्षं पुढे एकटे बसले आणि मग यायचे बंद झाले. सगळे म्हणाले, माणूस गर्विष्ठ. मला तसं वाटत नाही. मागे या, असं त्यांना एकदाही कुणी म्हटलं नाही, आणि त्यात मीही आले.

म्हणून मी एसटीच्या बाजूची. खासगी गाडी केली की ज्यांची जोडी ठरलेली ते ठरल्या जागी बसतात. एसटीत मिळेल तिथं बसावं लागतं, स्टँडवर तासभर ताटकळावं लागतं, आणि स्वस्तही पडतं. पण पैशाचा भाग जपून. इथं मात्र माझं वरचं सगळं शास्त्र उलटं करा. उधारी वाटीची ठेवायची, वर्गणीची नाही.

आम्ही कौंडण्यपूरला गेलो होतो तेव्हाचं सांगते. रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे बायका तिथं जरा जास्तच हक्काने वावरतात. खजिनदारांनी सगळ्यांकडून तिकिटाचे सारखे पैसे गोळा केले होते. परतताना ७८ वर्षांचे एक काकाजी भर बसमध्ये उभे राहिले, "माह्यं तिकीट तं फुकट हाय. मंग माहे पैसे गेले कुठी?" बरोबरच होतं त्यांचं. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ च्या लोकांना अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना वय न बघता अर्धं. म्हणजे पूर्ण तिकीट पडत होतं ते फक्त ६५ च्या आतल्या पुरुषांना, आणि ते आमच्यात चारच होते. खजिनदारांनी काही खाल्लं नव्हतं, उरलेल्या पैशाचा सगळ्यांना चहा-फराळ झाला होता. पण ते आधी सांगितलं नाही, म्हणून दोन घरांचं बोलणं सहा महिने बंद पडलं. तेव्हापासून तिकीट ज्याने त्याने कंडक्टरकडून काढायचं, मंडळ फक्त जेवणाचे पैसे घेणार, आणि हिशोब दुसऱ्या दिवशी रुपयापर्यंत ग्रुपवर टाकणार. मुक्तागिरीला जाणार असाल तर ते मध्य प्रदेशात आहे, आपली सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, हेही आधीच सांगा.

आणि निघण्याआधी बायकांच्या सोयीची चौकशी तुम्ही स्वतः करा, पुरुष करत नाहीत. आमच्यातल्या दोघी सहलीच्या दिवशी घोटभरही पाणी प्यायच्या नाहीत. का, ते आम्हाला कळायला वर्ष लागलं.

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरपासून तुमचे फोनही कुणी धड उचलत नाही. ताई, ते तुमच्यामुळे नाही. इथला निवृत्त माणूस नोकरीतून निवृत्त असतो, शेतीतून नाही. सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी, मधेच आंबिया बहाराची संत्री तोडायला आलेली, मग तूर. रात्रीची वीज असली तर तुमच्या मंडळातले ते शांत स्वभावाचे गुरुजी दोन वाजता ओलिताला गेलेले असतात. अकरा वाजता त्यांना फोन केला तर ते झोपलेत किंवा व्यापाऱ्याशी भाव करताहेत. उलट तुम्हीच एखाद्या दिवशी त्यांच्या वावरात जा. बोलावणं येण्याची वाट बघू नका, "तोडणी बघायला येऊ का" म्हणून विचारा. पिशवीभर संत्री घेतल्याशिवाय परत येऊ देणार नाहीत. घ्या, आणि पैसे काढू नका.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा सहली बंद असतात. तुम्ही म्हणता तेव्हा फार एकटं वाटतं. पण इथं खऱ्या गप्पांचा हंगाम तोच. दिवस मावळला की अंगणात पाणी शिंपतात, खाटा टाकतात. मुंबई-नाशिकची सवय म्हणून आपण कूलर लावून दार बंद करून बसतो. दार उघडं ठेवा, निदान आठ ते दहा.

तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिकडे जाऊन बसा. मी काही फार भाविक नाही. पण तीच माणसं रोज दिसतात, आणि महिन्यातून एकदा होणाऱ्या सहलीला याची सर येत नाही. हे मंडळ तुकडोजी महाराजांचं, त्यांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला, आणि मोझरी तुम्हाला जवळ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास महाराजांच्या पुण्यतिथीला एकदा गुरुकुंजात जाऊन या. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, आणि त्या वेळेला हजारो माणसं मौन उभी राहतात. माझ्या शेजारी उभी असलेली बाई नंतर नुसतीच म्हणाली, "चाला, चहा घेऊ." अजून येते माझ्याकडे.

नोव्हेंबरचंच आणखी एक. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी केंद्राची, माझं मोबाइलवर चेहरा दाखवून होऊन जातं. राज्याचे बरेच पेन्शनर मात्र बँकेत जाऊन यादीवर सही करतात. आमच्याकडे तो दिवस आता ठरवून एकत्र जाण्याचा झालाय. "जिवंत आहोत का ते विचारून येऊ," म्हणत सगळे रांगेत उभे राहतात. यादीत एखादं नाव दिसतं आणि माणूस दिसत नाही, तेव्हा रांग गप्प होते. मग तिथूनच दोघं-तिघं त्याच्या घरी जातात.

तुम्हाला खटकलेली एक गोष्ट, "आडनाव काय, माहेर कुठलं" असं पहिल्या भेटीतच विचारतात. याची दोन उत्तरं आहेत. बऱ्याचदा कुठं नातं, ओळख जुळते का याचा धागा शोधतात, आणि जुळला की खुश होतात. पण काही वेळा जातच काढायची असते, हे नाकारून चालणार नाही. आमच्याही एका सहलीत एका गृहस्थांनी पोट बरं नाही म्हणत जेवण टाळलं, आणि कणीक कुणी मळली होती ते बघूनच टाळलं, हे सगळ्यांना कळलं. कुणी भांडलं नाही. पुढच्या तिन्ही सहलींना कणीक त्याच बाईंनी मळली, मंडळाने तसं ठरवूनच टाकलं. गृहस्थ दोन सहली आले नाहीत. तिसऱ्या सहलीला आले आणि जेवले. मन बदललं की भूक लागली, मला ठाऊक नाही.

शिवाय सहलीला एखादवेळी नाही गेलं तरी चालेल, पण कुणाच्या घरी मयत झाली तर जा. तेरवीला जा. ओळख नसली तरी जा, मागे बसा, बायकांत भांडी विसळायला लागा. नवीन माणसाकडे गाव तेव्हाच नीट बघतं.

राहिले यजमान. ते त्यांच्याच गावात परत आलेत आणि तरी येत नाहीत, याचं तुम्हाला नवल वाटतं. मला वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी सोडलेले मित्र आता "साहेब" म्हणतात, हे पुरुषाला फार लागतं. आमचेही असेच घरी पेपर धरून बसायचे. "चला ना" म्हणून मी वर्षभर मागे लागले, उपयोग झाला नाही. मग चिखलदऱ्याच्या टपरीतले ते तलाठी एकदा दारात येऊन म्हणाले, "भाऊ, पाण्याच्या कॅनी उचलाले माणूस नाई, तुमच्या गाडीत टाकू का?" तेव्हा हे चप्पल घालून निघाले. आता कॅनी त्यांच्याकडेच असतात, आणि कुणी दुसऱ्याने उचलल्या तर चिडतात.

तुमच्या मंडळातल्या कुणाला तरी गुपचूप फोन करून असं एखादं काम काढायला सांगा. आणि तो फोन कुणाला करायचा हे सुचत नसेल, तर पाच सहलींत तुमच्या शेजारी सगळ्यात जास्त वेळा जी बसली, तिला करा.