ट्रॅकवर पळवलेली स्पोर्ट्स कार सेकंडहँड घ्यावी का?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते बेळगावात राहतात. बेंगळूरची 2014 ची पोर्शे केमन त्यांनी बघून ठेवली आहे. वर्षातून तीन-चारदा चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेत होतो, असं मालकाने स्वतःच सांगितलंय, आणि तेव्हापासून घरचे नको म्हणताहेत.

मालकाने न विचारता सांगितलं, तर निम्मं काम झालं. जाऊन गाडी बघा. ट्रॅकवर गेलेल्या गाडीला मी भीत नाही. भीती वाटते ती ट्रॅकवर जाऊन आलेली आणि ते लपवून विकलेली गाडी घ्यायची. हा फरक मी घरात चार वर्षं सांगतोय आणि आजवर कुणी ऐकलेला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा घासून नीट करायचं, छोटं युनिट आहे. पोर्शे माझ्याकडे नाही. 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, दोन लिटर टर्बो, 230 पीएसची. 2021 मध्ये घेतली ती ट्रॅकवर पळवलेलीच.

घ्यायच्या आधी दोन गाड्या समोर होत्या. एक चेन्नईच्या एका इंजिनिअरची, 41,000 किलोमीटर झालेली. दुसरी आमच्या दाजींनी शोधलेली, तेच मॉडेल, फक्त 14,000 किलोमीटर, ‘डॉक्टरांच्या मिसेस चालवत होत्या’ म्हणून सांगितलेली. दाजी निपाणीचे. घरात आजोबांपासून शर्यतीचे बैल. दिवाळीत जेवायला बसलो होतो तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, “शर्यतीचा बैल आणि शर्यतीची गाडी दुसऱ्याकडनं घ्यायची नसते रे. पळवलेला बैल विकायला निघाला की समजायचं, त्याचं काहीतरी मोडलंय.” ताईसमोर दाजींना उलटं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी गप्प बसलो. पण बैल घेताना हेच दाजी दात बघतात, खूर उचलून बघतात, चार पावलं चालवून श्वास बघतात. मग गाडीचे खूर का बघायचे नाहीत?

दाजींच्या समाधानासाठी त्या व्यापाऱ्याकडे गेलो. रंग आरशासारखा, आत सेंटचा वास. मी चाकाशी उकिडवा बसलो. 14,000 किलोमीटरला चारही टायर नवे कशाला? शहरात चालवलेल्या गाडीचे टायर एवढ्यात जात नाहीत. ट्रॅकच्या वळणांवर मात्र बाहेरची कड झपाट्याने खाल्ली जाते. पुढच्या ब्रेक डिस्कवर अति तापल्याची निळसर झाक होती, टॉर्च तिरका धरल्यावर केसासारख्या बारीक चिराही दिसल्या. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनवरचं धुळीचं रबर करपून पापडासारखं झालेलं. मडगार्डच्या आत हात घातला तर रबराच्या वाळलेल्या गोळ्या हाताला लागल्या. ट्रॅकवर तापलेले टायर असलं रबर गोळा करतात आणि आत फेकतात, घरच्या रस्त्यावर ते होत नाही. आणि टो हूक, म्हणजे अडकलेली गाडी ओढायची कडी, लावायच्या भोकातले आटे घासून चकचकीत. कुठल्या डॉक्टरीणबाई गाडीला टो हूक लावून फिरतात?

मी व्यापाऱ्याला विचारलं, ही ट्रॅकवर गेली होती का? तो दाजींकडे बघून हसला. दाजींना वाटलं मी त्यांच्या ओळखीच्या माणसाचा अपमान केला. परत येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ती गाडी त्यांनी स्वतःच घेतली. मी फोन करून एवढंच म्हणालो, “दाजी, घेतलीत तर घेतलीत, पण निदान ब्रेक फ्लुइड आधी बदलून घ्या.” ते म्हणाले, गाडी नव्यासारखी आहे, कशाला हात लावायचा.

मी चेन्नईला गेलो. तो ट्रॅक इरुंगट्टुकोट्टैला आहे, श्रीपेरुंबुदूरजवळ, आणि मजा बघा, तो आपल्याच रस्त्यावर आहे. बेळगावजवळच्या काकतीवरनं जाणारा 48 नंबरचा हायवे धरला की हुबळी, बेंगळूर करत थेट तिथंच पोचतो. मालकाने चहाबरोबर एक वही समोर ठेवली. नऊ ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस. प्रत्येकाची तारीख, किती फेऱ्या, फ्लुइड कधी बदललं, पॅड किती उरले. इंजिन ऑइल दर 5,000 किलोमीटरला. एका पावसाळी दिवशी गाडी वळणावरनं गवतात गेली होती, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटलं, बदललं, हेही लिहिलेलं आणि बिल टाचलेलं. मी हिशेब केला. फेरी 3.7 किलोमीटरची, दिवसाला सरासरी चाळीस फेऱ्या, म्हणजे 41,000 पैकी ट्रॅकचे जेमतेम 1,300 किलोमीटर.

वहीवर विश्वास ठेवून पैसे दिले नाहीत. मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मापायचं हत्यार, सोबत नेला होता. डिस्क किती झिजेपर्यंत चालते तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. चार ठिकाणी मापलं, भरपूर माल शिल्लक होता. मग ऑइल फिल्टर उतरवायला लावला, कापला, कागदाच्या घड्या उन्हात उलगडून बघितल्या. हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून ठासून सांगतो: लांब, वेगाच्या वळणावर ऑइल इंजिनाखालच्या भांड्याच्या (संपच्या) एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि क्रँक ज्यावर फिरतो त्या शेल बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो. बेअरिंग खरवडलं की फिल्टरच्या घडीत चकाकता चुरा सापडतो, तांबूस दिसला तर वरचा थर जाऊन खालचा लागलाय. असल्या चुऱ्यानंतरचे क्रँक माझ्याकडे ग्राइंडिंगला येतात, त्यांचा खर्च मला माहीत आहे. या फिल्टरमध्ये काही नव्हतं. बाजारभावापेक्षा दीड लाख कमी देऊन गाडी घेतली आणि चालवत बेळगावला आणली. पुढे शॉकअप बदलले, एक व्हील बेअरिंग बदललं. इंजिन, गिअरबॉक्सला आजपर्यंत हात लावलेला नाही.

दाजींच्या गाडीचं दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. मे महिना, ताई आणि भाचा गाडीत, गोव्याला निघालेले. कणकुंबी मागे पडलं, चोर्ला घाट उतरायला लागले आणि केरीच्या अलीकडे ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली गेलं. दाजींनी गिअर उतरवत गाडी कठड्याला घासत उभी केली म्हणून माणसं वाचली. ताईने फोन केला तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आजही तो घाट उतरताना माझा हात गिअरवरच असतो.

कारण साधं आहे. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 फ्लुइड किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय मारला की ब्रेकच्या जागी बुडबुडे दाबले जातात. ती गाडी उचलून माझ्याकडे आणली. मी काढलेलं फ्लुइड चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं. गाडी विकत घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं, आणि त्याआधी तेच फ्लुइड ट्रॅकवर शिजलेलं.

आणि तरी दाजी पाहुण्यांत सांगतात, “शर्यतीच्या गाड्यांचा नाद यानंच घरात आणला.” दाजी, तुम्ही हे वाचलंत तर वाचा: दोन्ही गाड्या शर्यतीच्याच होत्या. एकीची वही होती, दुसरीला सेंट मारलेला होता.

आता तुमची केमन. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढायला लावा, विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला फिरलं, ते सहा टप्प्यांत निघतं. खालच्या टप्प्यांतले आकडे बघून घाबरू नका. वरच्या टप्प्यांत काही दिसलं तर वेगात चुकीचा गिअर पडलेला असतो. तेही शेकडो तासांपूर्वीचं असेल आणि गाडी त्यानंतर नीट चालली असेल तर बोलणी करता येतात, अलीकडचं असेल तर सोडा. ऑटोमॅटिक असेल तर ही भीती फार कमी, कारण इंजिनाला झेपणार नाही असा गिअर तो गिअरबॉक्स पडूच देत नाही. मॅन्युअल असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खरखर होते का तेही बघा.

एवढं लिहिल्यावर काही गोष्टी सांगायलाच हव्यात. आतली सीट काढून रोल केज, म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा, वेल्ड केलेली गाडी असेल तर माझं वरचं सगळं विसरा, ती गाडी घरच्या रस्त्यासाठी घेऊ नका. जमिनीवर सीट बेल्टचे जादा बोल्ट, नव्याने बुजवलेली भोकं दिसली तर विचारा. विमा कंपनीकडे जुने क्लेम तपासा. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी बसत नाही, त्यामुळे ट्रॅकवर आपटलेली गाडी ‘रस्त्यावर आपटली’ म्हणून दुरुस्त झालेली असू शकते. तुमची गाडी बेंगळूरची आहे, नोंदणीही कर्नाटकातलीच असेल तर लाइफटाइम टॅक्स भरलेला आहे, हे फार मोठं आहे. माझी तामिळनाडूची, मला इथं पुन्हा भरावा लागला, आणि 20 लाखांवरच्या गाडीला आपल्याकडे मूळ दर 18 टक्के, वयाप्रमाणे कमी होत जातो. केमन तिलकवाडीतल्या हंपांवर नाक घासणार आणि कामासाठी दर वेळी बेंगळूर किंवा मुंबई गाठावी लागणार, तो खर्च आजच धरा. फ्लुइड, पॅड, टायर यांचे पैसे बाजूला ठेवता येत नसतील तर घरचे म्हणतात तेच बरोबर.

आणि मालकाकडे ट्रॅकची काही नोंद आहे का ते विचारा. वही, बिलं, फोनमधले फोटो, काहीही चालेल. बेंगळूरला जायच्या आधी उद्यमबागेत आलात तर मायक्रोमीटर देतो, परत आणून द्या. दाजींच्या गाडीतलं ते फ्लुइड मी काचेच्या बाटलीत भरून फळीवर ठेवलंय, तेही बघून जा.