गुरुजींना विचारा : नववीचे गुण दहावीच्या माथी

(जून 2021)

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. माही पोरगी यंदा दहावीले होती. कोरोनापायी पेपर रद्द झाले म्हणून पहिल्या दिवशी घरात हायसं वाटलं. आता ऐकतो का अर्धे गुण नववीचे धरणार. नववीत पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या टायमाले सोयाबीनची सोंगणी होती. मजूर भेटेना, म्हणून तिले दहा-बारा दिवस वावरात नेलं. गणितात 42 पडले. दुसऱ्या सत्रात भरून काढीन म्हणे, तर लॉकडाऊन लागला. दहावीत घरात एकच फोन, तो तिच्या बाबांजवळ. रेंज फक्त नळयोजनेच्या टाकीजवळ. गुरुजी, चूक आमची, अन् शिक्षा लेकराले. तिले सायन्सले जायचं आहे. काय करावं?
– एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पत्र तुमचं आहे, पण अक्षर लेकीचं आहे. एकतीस वर्षं पेपर तपासले, एवढं तर ओळखतोच. त्या अक्षराबद्दल पुढे बोलतो.

आधी 'शिक्षा' हा शब्द खोडा. सोंगणीच्या दिवसांत आमच्या शाळेत मागची दोन बाकं रिकामीच असायची आणि हजेरी घेताना मीही वर पाहत नसे. पिकलेलं सोयाबीन कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीतला पाऊस आठवा. ज्यांचं वावरात राहिलं, त्यांच्या शेंगांना झाडावरच कोंब आले.

आता हिशोब. मे महिन्याच्या शेवटी जे सूत्र जाहीर झालं, त्यात प्रत्येक विषयाच्या 100 पैकी 30 गुण दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे, 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ, प्रकल्पाचे आणि 50 नववीच्या निकालाचे. म्हणजे नववीच्या 42 चे 21 झाले. ते आता कमी होत नाहीत, वाढतही नाहीत. उरलेल्या 50 पैकी तिला 40 मिळाले तर 61, सगळे मिळाले तरी 71. गणितात नापास होण्याची भीती नाही, आणि नव्वदीची आशाही नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर पोरगी रात्रभर छताकडे पाहत तेच आकडे पुन्हापुन्हा मांडत बसते.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल 2020 मध्ये रद्द झाली, म्हणून त्या वर्षाचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्रावर लागला. तोच निकाल आता दहावीत पुन्हा मोजला जातोय. एकाच सोंगणीचा दोनदा हिशोब! सूत्र करणाऱ्यांपुढेही फार पर्याय नव्हते, मान्य. पण ऑक्टोबरात वऱ्हाडातल्या वर्गात किती पोरं बसलेली असतात, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हातात काय आहे? दहावीचे 50. शाळांना हे गुण भरून मंडळाकडे पाठवायचे आहेत. तेव्हा या आठवड्यातच पोरीला घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. प्रयोगवही, गृहपाठाच्या वह्या, डिसेंबर-जानेवारीत शाळा सुरू होती तेव्हाच्या चाचण्यांचे कागद, जे असेल ते सोबत न्या. फेब्रुवारीत आपल्याकडे रुग्ण वाढले आणि शाळेला पुन्हा कुलूप लागलं, त्यात बऱ्याच पोरांचं काम जमा व्हायचं राहून गेलं. वह्या रद्दीत घातल्या असतील तर दुकानदाराकडून परत आणा. हसू नका, मागे एका पालकाने आणल्या होत्या. गुण वाढवून मागू नका. केलेलं काम नोंदलंय की नाही, एवढंच विचारा.

शिवाय दोन वाटा आहेत. निकालावर समाधान नसेल तर श्रेणीसुधारसाठी, म्हणजे पुन्हा पेपर देऊन गुण वाढवण्यासाठी, पुढच्या सलग दोन परीक्षांना बसता येईल. आणि अकरावीच्या प्रवेशासाठी 100 गुणांची ऐच्छिक सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर झाली आहे, वस्तुनिष्ठ प्रश्नांची, दोन तासांची. तिथे नववीचे 42 कुणी पाहणार नाही. माझं मत विचाराल तर फॉर्म सीईटीचा भरावा. श्रेणीसुधारसाठी वर्ष घालवू नये.

आता अक्षर. पहिल्या दहा ओळी मोत्यासारख्या, नंतर वेलांट्या निसटल्या, शेवटी ओळ खाली घसरली. हुशारीचा प्रश्न नाही, हाताची सवय मोडली आहे. वर्षभर फळ्याचे फोटो फोनवर पाहून उतरवले, घड्याळ लावून पेपर कधी लिहिला? मला गुणांपेक्षा याची काळजी वाटते. रोज सकाळी एक तास, फोन न घेता, जुनी प्रश्नपत्रिका सोडवू द्या. पहिला आठवडा हात दुखेल.

आणि दहावीचं पुस्तक मिटू देऊ नका. अभ्यासक्रमातला 25 टक्के भाग कमी केला होता, तोही वाचायला सांगा. अकरावीचे सर तो येतो असं धरूनच शिकवतील. अर्थनियोजनाच्या प्रकरणासाठी कृषी केंद्राचं बिल घ्या. पेरणीचे दिवस आहेत, घरात असेलच. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर 5 टक्के, फवारणीच्या औषधावर 18 टक्के. दुकानदाराने बरोबर लावला का, ते तिने तपासून बाबांना सांगावं. फोन मागायचा असेल तर त्यानंतर मागावा.

सायन्सला जायचं तर त्रिकोणमिती पक्की हवी. ज्या टाकीजवळ रेंज येते, तीच घ्या. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला खडा लटकवायचा. सरळ कडेवरून टाकीचा माथा पाहत मागे सरकायचं. उन्नत कोन 45 अंश झाला की थांबायचं. तिथून टाकीच्या बुडापर्यंतचं अंतर मोजून त्यात स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायची. जमीन सपाट असेल तर टाकीची उंची मिळाली. असं का, हे तिने मला पोस्टकार्डावर कळवावं. अक्षर शेवटपर्यंत सारखं हवं.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. परीक्षा रद्द झाली, आता तो दिवसभर क्रिकेट खेळतो. बीएस्सी ॲग्रीला जायचं म्हणतो.
– एक वडील, जि. वाशीम

उत्तर : क्रिकेट संध्याकाळी. बारावीच्या गुणांचं सूत्र ठरेल तेव्हा ठरेल, बीएस्सी ॲग्रीच्या प्रवेशासाठी लागणारी राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, रद्द झालेली नाही. तिच्यात सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात आणि अकरावीची पुस्तकं बहुतेक पोरांनी कुणाला तरी देऊन टाकलेली असतात. ती आधी परत मागवा. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही त्याला सांगा.